लाकडावरच्या भट्टीची तयारी आणि भरणी

आर्वी तालुक्यातील आपल्या गावी आपण तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट उंच अशी विटांची चौकोनी भट्टी बांधली आहे. तिच्या खाली चूल, चुलीवर भोकांची जाळी आणि माथा उघडा, खापरांनी झाकण्याचा. तिच्यात आपण दोन वेळा माल भाजला आणि दोन्ही वेळच्या मिळून दीडशे नगांपैकी पन्नासहून अधिक नग वाया गेले. खालच्या थरातले काही नग पहिल्या दोन तासांतच आवाज करून फुटले, वरचे फिकट व कच्चे राहिले, काही माठांना काठापासून पोटापर्यंत उभ्या चिरा गेल्या, आणि जे चांगले म्हणून बाजूला ठेवले त्यांतल्या काहींचे टवके तीन आठवड्यांनी उडू लागले. एवढे पत्रात सांगून आपण मला विचारले आहे की जाळ किती तास द्यावा आणि भट्टी पेटवण्यापूर्वी नेमकी काय तयारी करावी.

यातल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी आधी आणि विस्ताराने देतो, कारण आपण सांगितलेल्या चार दोषांपैकी तीन दोष काडी ओढण्यापूर्वीच भट्टीत शिरलेले होते आणि चौथा तर माती खणली तेव्हापासूनचा आहे. माझे घर वरोऱ्याकडचे. वडील जमिनीवरच्या आव्यात माल भाजत. मी गेली एकतीस वर्षे विटांच्या भट्टीवर काम करतो, आणि आव्याकडून भट्टीकडे येताना पहिल्या दोन-तीन वर्षांत मी आपल्यापेक्षा जास्त मडकी फोडलेली आहेत.

आव्याची आणि भट्टीची गोष्ट वेगळी आहे, हे आधी मनात बसले पाहिजे. आव्यात मडकी आणि इंधन एकाच ढिगात रचलेले असते; मडक्यांच्या मध्ये गोवऱ्या, खाली कपाशीच्या पऱ्हाट्या, वरून तणस आणि त्यावर राखमातीचा लेप. तेथे जाळ प्रत्येक मडक्याच्या अंगाशीच जन्म घेतो, त्याला कोठे जावे लागत नाही. आपल्या भट्टीत मात्र जाळ खाली आहे आणि माल वर आहे. जाळाला जाळीतून निघून, मडक्यांच्या मधून वाट काढत, माथ्यापर्यंत चालत जायचे आहे, आणि ती वाट भट्टी भरताना आपण आपल्या हाताने आखून देतो. एकदा माथा झाकला की लाकूड कमीजास्त करण्यापलीकडे आपल्या हातात फार थोडे उरते. जो जाळ सोप्या वाटेने निघून जातो तो त्या वाटेवरचा माल जाळतो आणि उरलेला कच्चा ठेवतो. जास्त तास जाळून हा फरक मिटत नाही, उलट वाढतो.

भट्टीकडे येण्यापूर्वी फुटलेल्या नगांची खापरे अंगणात मांडून पाहा, टाकून देऊ नका. ज्या खापरांचे पातळ पापुद्र्यासारखे तुकडे झाले आहेत किंवा बुडाचा जाड भाग उखडून निघाला आहे, ते नग आतल्या पाण्याच्या वाफेने फुटलेले आहेत. रुंद उघडलेली, वाकडीतिकडी, खडबडीत कडांची चीर असेल तर ती बहुधा तापताना किंवा त्याही आधी वाळतानाच पडलेली असते. केसासारखी बारीक, धारदार कडांची चीर, जी नुसती दिसत नाही पण टिचकी मारल्यावर नग भदभद वाजतो, ती निवताना पडलेली असते. फिकट राहिलेल्या नगाचा एक तुकडा रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी तो बोटाने चिवडून चिखल होत असेल तर तो नग साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंतही पोहोचला नव्हता, म्हणजे मातीच्या घडणीतले पाणीही त्यातून पूर्ण गेले नव्हते. तुकडा टिकला पण मोडल्यावर मध्ये काळी पट्टी दिसली, तर उष्णता पोहोचली पण हवा आणि वेळ कमी पडला. या खापरांवरून आपल्या भट्टीचा कोणता कोपरा काय करतो हे मला लिहून विचारण्यापेक्षा चांगले कळेल.

आता प्रत्यक्ष भट्टी. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा पेटवायची असेल, किंवा नवीन बांधलेली असेल, तर ती कितीही कोरडी दिसली तरी ओली समजावी. साध्या गावठी विटेचे वजन तीन किलोच्या आसपास असते आणि ती आपल्या वजनाच्या १५ ते २० टक्के पाणी पिऊन बसू शकते. आपल्या भट्टीला सहाशे विटा लागल्या असतील असे धरले तर भिजलेल्या अवस्थेत तिच्या भिंतींत पावणेतीनशे ते साडेतीनशे लिटर पाणी असू शकते. हे पाणी मालासह पहिल्याच भट्टीत उडवायला गेलो की दोन नुकसाने होतात: लाकूड भिंती वाळवण्यात खर्ची पडते, आणि खालून निघालेली वाफ वरच्या थंड मडक्यांवर जाऊन पुन्हा पाणी होते व त्यांचे काठ मऊ करते. आपल्या उभ्या चिरांपैकी काही अशा असण्याचा मला संशय आहे. म्हणून भट्टी रिकामी ठेवून दोन दिवस सकाळ-संध्याकाळ चुलीत लहान जाळ करावा, मोठा नव्हे, भिंतीला बाहेरून हात लावला तर कोमट लागेल इतपत. माझ्या स्वतःच्या भट्टीची जाळी एका वर्षी घाईने पेटवल्यामुळे मालासकट चुलीत बसली. दिवाळीपूर्वीचे ते दिवस होते आणि दोन महिन्यांचे काम त्या एका दुपारी गेले.

रिकाम्या भट्टीतला हा लहान जाळ आणखी एका कामाला येतो. जाळ चालू असताना पेटलेली उदबत्ती बाहेरून भिंतीच्या भेगांजवळून फिरवावी. जेथे धूर आत ओढला जातो तेथून थंड हवा शिरते, आणि त्या ठिकाणाजवळचा माल तापण्याच्या व निवण्याच्या दोन्ही वेळी तडकतो. जेथे धूर बाहेर ढकलला जातो तेथून उष्णता वाया जाते. भेगा बुजवायला काळी माती मुळीच घेऊ नये, कारण ती ओली असताना फुगते आणि वाळल्यावर इतकी आकसते की बुजवलेली भेग आठवड्यात दुप्पट होते. गावठाणातली पांढरी माती, तिच्या निम्मी वाळू, मूठमूठ गव्हाचे कुटार आणि थोडे शेण असा गारा करून दोन दिवस मुरवावा आणि भेग ओली करून त्यात दाबून भरावा. बाहेरून सबंध भट्टीला याच गाऱ्याचा बोटभर लेप दरवर्षी द्यावा.

जाळीची प्रत्येक वीट विटेच्या तुकड्याने ठोकून पाहावी. खणखणीत वाजली तर ठीक, बसका आवाज आला तर बदलावी, कारण अडीच-तीनशे किलो माल तिच्यावर लाल तापलेल्या अवस्थेत उभा राहणार आहे. भोकांत मागच्या वेळचे खापरांचे तुकडे, गाऱ्याची ढेकळे, कधी कधी गांधीलमाशीचे घरही अडकलेले असते. सळईने प्रत्येक भोक आरपार मोकळे करावे. चुलीतली राख पूर्ण काढावी. राख चांगली उष्णता धरते म्हणून थोडी राहू द्यावी असे काही जण म्हणतात, ते आव्याच्या बाबतीत खरे आहे; येथे राखेने हवेची वाट अडते आणि शेवटच्या दोन तासांत, जेव्हा हवा सर्वांत जास्त लागते, तेव्हा जाळ धुरकट होतो.

आपल्या चुलीचे तोंड पश्चिमेला आहे असे आपण लिहिले आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचा वारा बहुतेक पश्चिमेकडून आणि वायव्येकडून येतो, झोताने येतो आणि मध्येच थांबतो. असा झोत चुलीत शिरला की जाळ मागच्या भिंतीवर आपटतो, आणि समोरचा माल तसाच राहतो. तोंड फिरवणे आता शक्य नसेल तर तोंडापासून चार-पाच फुटांवर छातीएवढ्या उंचीचा विटांचा कोरडा आडोसा रचावा किंवा जुना पत्रा उभा करावा. पत्रा तोंडाला लागून ठेवू नये. वारा तुटला पाहिजे, हवा तुटता कामा नये. एप्रिल-मे महिन्यांत भट्टी रात्री नऊच्या सुमारास पेटवून सकाळी उरकणे मला सर्व दृष्टींनी बरे वाटते. वारा पडलेला असतो, माणसाला ऊन लागत नाही आणि भट्टीच्या पोटातला लाल रंग अंधारात नीट ओळखता येतो. भट्टीच्या आसपास तणसाचा ढीग, कुटाराचे ढोले किंवा कपाशीची साठवण असेल तर ती आधी हलवावी, दोन ड्रम पाणी भरून ठेवावे, आणि भट्टी चहूबाजूंनी बंद असलेल्या शेडमध्ये असेल तर एक बाजू उघडी केल्याशिवाय पेटवू नये, कारण कोंडलेल्या जाळाचा वायू डोळ्यांना दिसत नाही आणि झोप आणतो.

इंधनाविषयी थोडक्यात सांगतो. आपल्या मापाच्या भट्टीला माझ्या अनुभवाने साडेतीन ते चार क्विंटल वाळलेले लाकूड लागते आणि ते सगळे पेटवण्यापूर्वी भट्टीशेजारी असले पाहिजे. मध्यरात्री सरपण संपले म्हणून धुऱ्यावर कुऱ्हाड घेऊन गेलेला माणूस भट्टी वाचवू शकत नाही. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्याजवळ वजन पाण्याचे असते. तोडल्यावर चिरून, आडोशाला रचून सात-आठ महिने ठेवले की ते १५ ते २० टक्क्यांवर येते. अशा लाकडाची टोके चिरलेली असतात, साल सुटते आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टणत्कार होतो. लाकडाचे तीन ढीग करावेत. पहिला, सुरुवातीच्या मंद जाळासाठी, बाभळीच्या किंवा चिंचेच्या जाड ओंडक्यांचा, जे भडकत नाहीत आणि निखारा धरतात. दुसरा मनगटाएवढ्या चिरलेल्या लाकडांचा. तिसरा ढीग तुराट्या, पऱ्हाट्या आणि बोटाएवढ्या काटक्यांचा. हा शेवटच्या तापासाठी, कारण बारीक कोरडे इंधन क्षणात जळून लांब ज्वाळा देते आणि ती ज्वाळा माथ्यापर्यंत पोहोचते. नवीन माणसे नेमके उलट करतात: तुराट्या सहज पेटतात म्हणून आधी वापरतात, खालची मडकी फोडून घेतात, आणि शेवटी जाड ओंडके टाकून जाळ कोंडवतात. आपण दोन तासांत मडकी फुटल्याचे लिहिले आहे त्यावरून आपल्याकडेही असेच झाले असावे.

माल वाळला आहे की नाही हे डोळ्यांवर सोडू नये. आपल्या भागातल्या काळ्या मातीत जो चिकण अंश असतो त्याला माँटमोरिलोनाइट म्हणतात. त्याच्या पदरांच्या मध्ये पाणी अडकून बसते आणि ते शंभर अंशांवर एकदम न जाता पुढे दोनशे अंशांपर्यंत हळूहळू निघत राहते. त्यामुळे नदीकाठच्या वाळूसर मातीच्या मडक्याला जे वाळवणे पुरते ते आपल्या तळ्याच्या काळ्या गाळाच्या मडक्याला पुरत नाही. नग गालाला लावून पाहावा. थंड लागला तर आत ओल आहे. याहून पक्की परीक्षा वजनाची आहे. प्रत्येक आकाराचा एक नग किराणा दुकानात असतो तशा साध्या काट्यावर सकाळी आणि संध्याकाळी तोलावा आणि लागोपाठ दोन दिवस वजन बदलले नाही तरच माल भट्टीजवळ आणावा. अडीचशे किलो मालात वजनाच्या नुसती तीन टक्के ओल राहिली तरी ते साडेसात लिटर पाणी होते, आणि एक लिटर पाण्याची सुमारे सतराशे लिटर वाफ होते. ही वाफ जाड बुडातून वेळेवर बाहेर पडू शकली नाही तर ती बूड घेऊनच बाहेर पडते. वडील मातीत गाढवाची चाळलेली लीद मिसळत. ती जळून गेल्यावर अंगात बारीक छिद्रे उरतात, वाफेला वाट मिळते आणि माठ पाणीही चांगले गार करतो. मी आजही माठाच्या मातीत लीद आणि बारीक वाळू दोन्ही घालतो. वैशाखातल्या कडक उन्हात मात्र माल थेट वाळवू नये. एका बाजूने वाळलेला नग काठाला चीर घेऊन बसतो आणि ती चीर भट्टीत गेल्यावरच दिसते, मग दोष भट्टीवर येतो.

आता भरणी. यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा आणि शेवटचा थर संध्याकाळी लागेल असा बेत करावा. कारण पुढे येईल.

जाळीवर माल थेट ठेवू नये. आधी अर्ध्या विटा उभ्या करून भोकांच्या मधल्या जागेवर बसवाव्यात, म्हणजे पहिला थर जाळीपासून चार-साडेचार इंच वर राहील. या मोकळ्या जागेत निरनिराळ्या भोकांतून आलेला जाळ एकमेकांत मिसळतो आणि सारखा होऊन वर चढतो. ही जागा नसेल तर भोकावर आलेले मडके करपते आणि शेजारचे कच्चे राहते. थेट चुलीच्या तोंडावरच्या दोन-तीन भोकांपुढे मोठी भाजलेली खापरे तिरपी उभी करावीत. ती भोक झाकत नाहीत, फक्त ज्वाळेचा पहिला तडाखा अंगावर घेतात.

पहिल्या थरात आपण मोठे माठ ठेवले होते. जड वस्तू खाली हा विचार सामान घराच्या फळीवर मांडताना बरोबर आहे, पण खालून जाळ घेणाऱ्या भट्टीत तळाचा थर सर्वांत आधी आणि सर्वांत जोरात तापतो, आणि आपला जाड बुडाचा, पाणी सोडायला सावकाश असलेला माठ त्याच जागी सापडतो. मी पहिल्या थरात झाडांच्या कुंड्या लावतो. त्यांची माती भरड असते, भिंत सारख्या जाडीची असते, भार पेलते आणि बुडाला भोक असल्यामुळे वाफ व जाळ दोन्ही आरपार जातात. कुंड्या करत नसाल तर मध्यम आकाराची, वाळू जास्त घातलेली गाडगी किंवा आधीच्या खेपेला कमी भाजलेले नग तेथे लावावेत. माठ दुसऱ्या थरात, सुगडी, परळ आणि लहान गाडगी तिसऱ्यात, पणत्या सर्वांत वर. आपल्या मापात चौदा इंची माठ एका थरात चारच बसतात. पाचवा बसवण्याचा मोह होतो, तो आवरावा, कारण त्या पाचव्यासाठी चारही माठ भिंतीला टेकतात.

नग पालथे लावावेत, पण काठ सपाट टेकवू नये. प्रत्येक काठाखाली तीन बारीक खापऱ्या ठेवल्या की आतली वाफ कोंडत नाही आणि जाळाचा हात आतल्या बाजूलाही फिरतो. आपल्या माठांची आतली बाजू काळी आणि बाहेरची तांबडी निघाली असेल तर याच कारणाने. दुसऱ्या थराचा नग पहिल्या थरातल्या एकाच नगाच्या बुडावर उभा करू नये. तो तीन किंवा चार नगांच्या मध्ये, त्यांच्या खांद्यांवर भार वाटून बसला पाहिजे. कच्चे मडके दाबाखाली बरेच सोसते, पण एका ठिकाणी आलेला भार सोसत नाही. आपल्या मालाला काच, म्हणजे चकचकीत झिलई, नसल्यामुळे नग एकमेकांना टेकले तरी चालते, चिकटत नाहीत. पोट पोटाला टेकू द्यावे, काठ काठाला नको.

भिंतीपासून माल किती सोडावा, यावर माणसे भांडतात. माझा अनुभव असा की दोन बोटांपेक्षा कमी सोडला तर भिंतीकडचा माल एका अंगाने कच्चा राहतो, आणि चार बोटे सोडला तर सगळा जाळ भिंतीच्या कडेने सरळ वर पळतो व मधला माल तसाच राहतो. म्हणून दोन ते तीन बोटे. त्याहून महत्त्वाचे हे की माल सगळीकडे सारखाच विरळ असावा. एक कोपरा दाट आणि दुसरा मोकळा अशी भरणी नसावी. एका नगात दुसरा नग घालायचा असेल तर आतल्या नगाभोवती अंगठा फिरेल इतकी जागा हवी आणि एकात एक असे दोनच, तिसरा नाही. एका दिवाळीला मी लहान रांजणात पणत्या ठासून भरल्या, जागा वाचली म्हणून समाधानही वाटले. रांजण उत्तम भाजून निघाला, आणि आतल्या पणत्यांचा मधला गठ्ठा बोटाने चुरगाळत होता.

प्रत्येक थर लागल्यावर, आणि शेवटच्या थरानंतर तर नक्कीच, एक परीक्षा करावी, आणि त्यासाठीच संध्याकाळ हवी. चुलीत जाळीखाली कंदील किंवा मोबाइलची बॅटरी लावून ठेवावी आणि वरून भट्टीत पाहावे. उजेडाचे ठिपके सगळीकडे सारखे पसरलेले दिसले तर भरणी चांगली आहे. एखादा कोपरा काळा दिसला तर जाळही तेथे येणार नाही. एखाद्या ठिकाणी उजेडाचा सरळ खांब वर येत असेल तर जाळ त्याच खांबाने निघून जाईल, तेथे एखादे लहान गाडगे सरकवून वाट वाकडी करावी. उजेड सरळ रेषेत जातो आणि जाळ वळून जातो, हे मान्य. तरीही या परीक्षेने मला जितका माल वाचवून दिला तितका दुसऱ्या कशानेही दिलेला नाही. आपल्या भट्टीचा वरचा थर कच्चा का राहिला, हेही बहुधा अशाच एका नजरेत दिसले असते.

माथा झाकताना आपण खापरांचे दोन थर देऊन वर चिखल लिंपला असे लिहिता. आव्यावर ते योग्य होते. येथे त्याने धुराडेच बंद झाले. हवा माथ्यातून बाहेर पडली नाही तर चुलीतून आत येणार नाही, आणि लाकूड कितीही टाकले तरी उष्णता खालच्या थरातच घुटमळेल. मोठी, बाकदार खापरे छपरावर कवेलू बसवतो तशी एकावर एक चढवत ठेवावीत, बाक वर करून, आणि त्यांच्यामध्ये अंगठा जाईल अशा फटी राहू द्याव्यात, कोपऱ्यांकडे थोड्या जास्त, कारण कोपरे नेहमी मागे राहतात. चिखल लावू नये, बाजूला कालवून मात्र ठेवावा. पुढे ज्या बाजूला लाली आधी दिसेल त्या बाजूच्या फटी खापराने बुजवायच्या आणि मागे राहिलेल्या बाजूच्या उघडायच्या. भट्टी चालू असताना जाळाची दिशा बदलण्याचा हा एकच मार्ग आपल्याजवळ आहे.

भिंतीत मध्यावर एक आणि माथ्याखाली एक अशी दोन विटांची बुचे सुटी ठेवावीत, पाहण्यासाठी. त्यांच्या मागे, हाताला येतील अशा, त्याच मातीच्या बांगडीएवढ्या तीन-चार कड्या ठेवाव्यात. सळईने एकेक ओढून, पाण्यात न टाकता निवू देऊन मोडून पाहिली की आतपर्यंत भाजले की नाही ते कळते. तापमान मोजण्याचे यंत्र नसेल तर आणखी एक सोपा उपाय आहे. मधल्या भोकापुढे एका पणतीत ॲल्युमिनियमच्या तारेचा तुकडा आणि दुसरीत चिमूटभर बारीक कुटलेले मीठ ठेवावे. ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळते, त्याच्या अंगावरच्या सालीमुळे ते वाहत नाही पण लोळागोळा होऊन बसते. मीठ ८०१ अंशांवर पाण्यासारखे होते. आपला माठ ८५० ते ९०० अंशांच्या दरम्यान चांगला भाजतो, म्हणजे मीठ वितळल्यानंतर आणखी थोडे जाळून, तो ताप अर्धा-पाऊण तास टिकवून थांबायचे. त्यापुढे माठ अधिक टणक होतो खरा, पण पाझरायचा कमी होतो, आणि न पाझरणारा माठ पाणी गार करत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात असा माठ गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत आणून देते.

जाळाच्या तासांविषयी आपण विचारले होते, त्याचे उत्तर आता देता येते. पहिले चार तास ओंडके चुलीच्या आत नव्हे, तोंडाशी जळावेत, जेणेकरून ज्वाळा नाही तर गरम हवाच भट्टीत जाईल. माथ्याच्या फटीत तणसाची काडी धरून पाहावी. ती ओलसर, नरम होऊन येते तोवर मालातून पाणी निघत आहे आणि जाळ वाढवायचा नाही. काडी तांबूस करपून येऊ लागली की ओंडके हळूहळू आत सरकवावेत. पुढचे तीन-चार तास मनगटी लाकडावर न थांबता, पण धिम्या चढाने. याच काळात साडेचारशे ते सहाशे अंशांच्या दरम्यान मातीच्या घडणीतले पाणी निघते, आणि ५७३ अंशांवर वाळूतली गारगोटी अचानक फुगते. आत गडद लाली दिसू लागली, म्हणजे साधारण साडेसहाशे अंश, की बारीक इंधन आणि पुढचे दोन-तीन तास मोठा जाळ. एकूण नऊ ते अकरा तास. जाळ थांबवल्यावर चुलीचे तोंड विटांनी बंद करून लिंपावे आणि आता मात्र माथ्यावरही चिखल द्यावा, कारण निवताना तीच गारगोटी ५७३ अंशांवर आकसते आणि तेवढ्यात थंड वारा लागला तर केसासारख्या चिरा पडतात. आपण दुसऱ्या दिवशी सकाळी माथा उघडला होता. एवढ्या भट्टीला किमान तीस तास द्यावेत आणि वरचे खापर उघड्या हाताने उचलता येईपर्यंत थांबावे.

तीन आठवड्यांनी टवके उडाले, तो दोष भरणीचा नाही. काळ्या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात. ते भट्टीत कळीचा चुना होतात आणि नंतर हवेतली ओल पिऊन फुगतात व वरचा टवका उडवतात. टवक्याच्या मुळाशी पांढरा ठिपका दिसेल. माती पाण्यात कालवून बारीक जाळीच्या चाळणीतून गाळून घेणे हाच खरा इलाज आहे. तोवर, माल भट्टीतून निघाल्यावर पूर्ण निवलेला नग काही तास पाण्यात बुडवून ठेवावा; चुना तेथेच विरतो आणि बराच माल वाचतो. मातीची निवड आणि गाळणी शिकायची असेल तर भद्रावतीच्या ग्रामोदय संघ या कुंभारकामाच्या संस्थेत जाऊन तेथले काम पाहून यावे, आपल्यापासून ते एका दिवसात होण्यासारखे आहे.

पुढची भट्टी भरताना प्रत्येक नगाच्या बुडावर गेरूने क्रमांक लिहा. गेरू भाजून जात नाही. वहीत प्रत्येक थराचा एक चौकोन काढून कोणता क्रमांक कोठे ठेवला ते टिपा, आणि माल काढताना फुटका, कच्चा, काळा, चांगला अशी खूण त्याच चौकोनात करा. अशा तीन भट्ट्यांच्या तीन पानांसह मला पुन्हा लिहिलेत तर आपल्या जाळीची कोणती भोके लहान करायची आणि कोणती मोठी, हे मी नक्की सांगू शकेन.